तीन नंबरच्या टाकीतलं बाळ

तीन नंबरच्या टाकीजवळ आलं की हेमांगीला पान्हा फुटायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा तिने मनावर घेतलं नाही. लेक जुई पाच महिन्यांची, बाळंतपणाची रजा नुकती संपलेली. छाती भरून येण्यात नवल ते काय? पांढऱ्या कोटाची बटणं वरपर्यंत लावून ती प्रयोगशाळेत जाऊन बसली. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की एक नंबरच्या टाकीजवळ असलं काही होत नाही, दोन नंबरच्याही नाही. तिथे नुसती नाक दाबायला लावणारी घाण. तीनजवळ घाणही नव्हती. पाणी गोल गोल फिरत असायचं, वर फिकट फेस, आणि पायऱ्या चढता चढता तिचे पाय आपसूक थबकायचे. कान टवकारले जायचे. बाळ कुठंय?

बाळ कुठे आहे हे तिला पक्कं माहीत असायचं. आवारातल्याच क्वार्टरमध्ये, पारूमावशीच्या मांडीवर. तरीही ती कठड्यावरून वाकून टाकीत बघायची. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, एम.एस्सी. झालेली बाई फेसात मूल शोधायची.

टाकी होती शहराच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर कधीच भरला होता, आता त्यावर माती टाकून गवत लावलं होतं, लांबून बघणाऱ्याला वाटावं एखादी साधीसुधी टेकडी. पण आतून तो चहाच्या चोथ्याने भरलेल्या गाळणीसारखा होता. वरून पाणी मुरायचं, आतल्या साली, गोळ्या-औषधं, रंगाचे डबे, लहान मुलांचे लंगोट, मेलेली जनावरं अशा सगळ्यातून झिरपत तळाशी उतरायचं, आणि उतरेपर्यंत त्याचा काळा काढा झालेला असायचा. प्रकल्पावरचे लोक त्याला लीचेट म्हणायचे. खालच्या आंबेमाळ वस्तीत त्याला काळं पाणी म्हणत. हे काळं पाणी तीस वर्षं आंबेमाळच्या विहिरींत उतरत होतं. तिथल्या पोरांच्या पायांवर फोड यायचे ते पावसाळाभर जायचे नाहीत.

जुन्या डोंगराच्या काढ्यात आणखी एक खोड असते. नव्या कचऱ्याच्या पाण्यात जिवाणूंना खाण्यासारखं काहीतरी असतं, ते खाता खाता ते विषही पचवतात. जुन्यात खायचं संपलेलं असतं आणि अमोनिया तेवढा उरलेला असतो. मग जिवाणूंना वरून खाऊ घालावा लागतो. तीन नंबरमधले जिवाणू तर मुद्दाम घडवलेले, जनुकांची जुळणी करून तयार केलेले. कुठल्याही रासायनिक साखळीचे तुकडे पाडण्यात वाकबगार. प्रकल्पावर सगळे त्यांना ‘विरजण’ म्हणत. विरजणाला साखर कारखान्याची मळी लागायची. यंदा कारखान्यांचा हंगाम लवकर आटोपला, मळी मिळेना, विरजण मरायला टेकलं, तेव्हा हेमांगीच्या नवऱ्याला, म्हणजे प्रकल्पाचा इंजिनिअर हृषीकेश याला, युक्ती सुचली. शेजारच्या साबणाच्या कारखान्यातला चरबीचा गाळ त्याने टाकीत सोडला.

विरजण नुसतं जगलं नाही, फोफावलं. महिन्याभरात आंबेमाळच्या विहिरीवरच्या पाणी तपासणाऱ्या पडद्यावर, जो आजवर लाल सोडून दुसरा रंग दाखवत नव्हता, हिरवं पान उमटलं. लोकांनी हृषीकेशच्या गळ्यात हार घातला. हेमांगी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर माहेरी होती. तिने ते फोनवर बघितलं होतं आणि तिचा ऊर भरून आला होता.

---

“झोपला न्हाई व्हय मॅडम?” पारूमावशीने विचारलं.

ती पाटावर पाय पसरून बसली होती आणि पायांवर जुई पालथी. पारूमावशी आंबेमाळची. काळ्या पाण्याविरुद्ध प्रकल्पाच्या गेटवर बायकांना घेऊन बसणारी तीच, आणि आता हेमांगीच्या लेकीला न्हाऊमाखू घालणारीही तीच. तिची बोटं जुईच्या पाठीवरून अशी फिरायची की जुई डोळे मिटून घ्यायची.

“डोळा लागतच नाही,” हेमांगी म्हणाली. “सारखं वाटतं, हिचा श्वास चालू आहे ना.”

“आमच्या वस्तीत तरी कोण झोपतंय? नळावर रोज भांडणं. काल मंगलनं आपल्या जावंच्या डोक्यात कळशी घातली.”

“कशावरून?”

“पोराकडं टक लावून बघितलं म्हणून.” पारूमावशीने जुईला उलटी केली, वाटीतलं तेल बोटांवर घेतलं आणि टाळूवर थापलं. टाळू पाखरासारखी उडत होती. “आन् बापे बगा. गोगलगायी झाल्यात नुसत्या. माझा थोरला, ज्याच्या तोंडाला लागाय माणूस भ्यायचं, तो आता पारावर बसून हसतोय. पिऊन न्हाई, बरं का. बिनपिता.”

हेमांगीने विचारलं, “मावशी, दुपारी आमच्या तारेच्या कुंपणापाशी बायका उभ्या असतात. पंधरा-वीस तरी. तुम्हीही असता. कशाला?”

पारूमावशीची बोटं थांबली.

“ऐकाय.”

“काय ऐकायला?”

“ते न्हाई सांगता यायचं.” तिने वाटी बाजूला सरकवली. “लेकरू कुठंतरी ठिवून आल्यावानी वाटतंय. बाजारात, न्हाईतर रानात. आन् ते आता उठंल, रडंल. मग पाय आपोआप हिकडं वळत्यात.” मग एकदम हसून म्हणाली, “साठी उलटली माझी. लेकरं कसली ठिवतीया!”

हेमांगी हसली नाही.

---

हृषीकेश रागीट होता. हे हेमांगीने लग्नाआधी पाहिलं होतं आणि लग्नानंतर भोगलं होतं. पोटुशी असताना एकदा त्याने कुकरचं झाकण भिंतीवर फेकलं होतं. भिंतीला पडलेला पोचा अजून होता. पण माहेरून ती परत आली तो एक वेगळाच माणूस दार उघडायला उभा होता. जुई रडली की तो न कंटाळता खांद्यावर घेऊन फिरायचा. चहा थंड झाला तरी हसायचा. पहिल्या आठवड्यात हेमांगी देवासमोर हात जोडून म्हणाली होती, असाच राहू दे.

आता तिला त्या हसण्याची भीती वाटू लागली होती.

“हृषी, काहीतरी चुकतंय. बायकांना सगळ्यांना तेच होतंय, जे मला.”

“असेल,” तो म्हणाला.

“असेल काय? विचार कर ना.”

“करतोय की.” त्याने जुईचं नखाएवढं बोट आपल्या बोटाने उचललं. “तू डॉक्टरांना दाखव एकदा. बाळंतपणानंतर होतं असं. त्यात लाजायचं काय?”

“मी वेडी झालेय असं म्हणतोयस?”

“छे गं.” आवाज दुधावरच्या सायीसारखा. “मी काहीच म्हणत नाहीये.”

तिला वाटलं, याने एकदा ओरडावं. एकदा तरी. म्हणजे समोर माणूस आहे एवढं तरी कळेल.

---

दुसऱ्या दिवशी तिने टाकीवरची हवा पिशवीत भरून घेतली.

प्रयोगशाळेत हवेतले घटक एकेक वेगळे करून ओळखणारं यंत्र होतं. त्याचं रोजचं काम दुर्गंधी मोजायचं: अमोनिया किती, गंधक किती. बाकी काही ते सांगायचं नाही, कारण कुणी विचारायचंच नाही. हेमांगीने त्याला सगळं दाखवायला सांगितलं. पडद्यावर नेहमीची छोटी छोटी शिखरं उमटली, आणि बऱ्याच वेळाने, यंत्र संपवायच्या बेतात असताना, एक उंच, निमुळतं शिखर वर आलं.

लांब साखळीचं एक आल्डिहाइड. त्याला वास म्हणावा असा वास नव्हता. तिने नोंद उघडून वाचली. साबणाच्या गाळातल्या चरबीपासून जिवाणू ते बनवू शकतात, हे तिला समजत होतं. विरजणाला साखळ्या तोडायलाच तर शिकवलं होतं. पण खालच्या ओळीवर तिची नजर अडली. हे द्रव्य निसर्गात कुठे सापडतं, तर तान्ह्या मुलांच्या डोक्यावर. मूल ते टाळूतून हवेत सोडतं. नाकाला कळत नाही, मेंदूला कळतं. पुरुषांचा मेंदू त्याने निवतो, हात उगारायचा राहतो. बायकांचा पेटून उठतो, राखणीला बसतो. मुलाच्या दृष्टीने दोन्ही सोयीचं. ज्याला स्वतःला वाचवता येत नाही, त्याने हवेतून केलेली ही व्यवस्था.

ती तशीच घरी गेली. पारूमावशी काही विचारायच्या आत तिने कापसाचा बोळा जुईच्या टाळूवरून फिरवला, बाटलीत घातला, आणि परत आली.

तेच शिखर. त्याच जागी. फक्त जुईचं इवलंसं, डोळे बारीक करून बघावं लागेल असं. आणि टाकीतलं लाखो बाळांएवढं.

खुर्चीत बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. वेडी नाही म्हणून आधी बरं वाटलं, आणि लगेच त्याच्या मागून दुसरी गोष्ट आली. मग माझं काय आहे यातलं? जुईचा श्वास तपासायला मी उठते, ती मी उठते की टाकी उठवते? हे झाकलं, बंद केलं, तर आत काय उरेल? आणि हृषीच्या आत?

---

प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख पळशीकर दुसऱ्या शहरात बसत. पडद्यावर त्यांचा चेहरा नेहमीसारखा घाईत होता.

“फार काही नको सर,” हेमांगी म्हणाली. “तीन नंबरवर बंद झाकण, आणि आतली हवा कोळशाच्या थरातून बाहेर काढायची. पाण्याला काही होणार नाही. विरजणही जगेल.”

“पण झाकण कशाला? वासाची तक्रार आहे का कुणाची?”

“वास नाहीये, म्हणूनच तर...”

“आंबेमाळमधून पूर्वी महिन्याला एक मोर्चा यायचा. आता तक्रार शून्य. पुढच्या वर्षी आणखी नऊ शहरांत हीच टाकी बसतेय, हृषीकेशच्या पद्धतीने.” ते बोलता बोलता थांबले. काहीतरी त्यांच्या डोक्यात जुळत होतं. पडद्यावरही ते दिसलं. घाई ओसरली. “पुरुष शांत होतात म्हणालात?”

हेमांगीने मान हलवली.

“हं. हे आणखी कुणाला सांगितलंत, मॅडम?”

पळशीकर तर टाकीपासून चारशे कोसांवर होते. त्यांचं डोकं त्या हवेने निववलेलं नव्हतं. हेमांगीला वाटलं होतं, हवा कळली की भीती संपेल. आता कळलं की भीतीला नुकतं तोंड फुटलंय.

शेजारी हृषीकेश बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. संपर्क तुटल्यावर तो म्हणाला, “तसं बघितलं तर लोक सुखात आहेत की.”

---

ती कुंपणाशी गेली. ऊन मी म्हणत होतं. बायका नेहमीसारख्या उभ्या होत्या, कुणी डोक्यावर पदर घेऊन, कुणी तारेत बोटं अडकवून. सगळ्यांची तोंडं तीन नंबरकडे.

हेमांगीने सांगायला सुरुवात केली. रसायनाचं नाव सांगितलं नाही. साबणाचा गाळ, विरजण, टाळू, एवढंच.

“म्हंजे आत लेकरू न्हाई,” पारूमावशी म्हणाली.

“नाही मावशी.”

“मग हितं कशापायी उन्हात वाळतोय आम्ही?” मंगल उसळली. “फोडून टाका ती टाकी!”

“थांब गं,” पारूमावशीने तिला दंडाला धरलं. “पाणी कुठनं आणशील? तुझ्या पोराचं पाय बग जरा, कसं उजळल्यात. टाकी ऱ्हाऊ दे.” ती हेमांगीकडे वळली. “झाकाय काय काय लागतंय ते सांगा.”

हेमांगीने सांगितलं. आंबेमाळ भंगार वेचणाऱ्यांची वस्ती, त्यांच्याकडे काय नव्हतं? ट्रकच्या जाड ताडपत्र्या निघाल्या, जुने दोर निघाले, पत्र्याचं पिंप निघालं. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा पोत्यांनी आला. दाभण घेऊन बायकांनी वाकळ शिवावी तशा ताडपत्र्या एकमेकींना शिवल्या, आणि शिवता शिवता एकमेकींवर खेकसत राहिल्या. हेमांगीने पुन्हा पुन्हा बजावलं, आत गॅस कोंडता कामा नये, पाइप पिंपाला जोडल्याशिवाय दोर आवळायचा नाही, जवळ विडीसुद्धा नको.

मग सगळ्या गेटवर आल्या.

अशा प्रसंगी एरवी काय झालं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गार्डनी काठ्या उगारल्या असत्या. पण गार्डही पुरुषच होते आणि त्याच हवेत उभे होते. एकाने कुलूप काढलं आणि दार धरून उभा राहिला, पाहुणे आल्यासारखा. “सावकाश हां मावशी, पायरी आहे,” म्हणाला. हृषीकेश गच्चीवरून बघत होता. बायका टाकीवर चढल्या, दोर आवळले, पिंपात कोळसा ओतला. त्याने वरून हात हलवला.

ज्या हवेने मोर्चे थांबवले होते, तिनेच वाट मोकळी करून दिली. हेमांगीला हसू यायला हवं होतं. पण गच्चीवर हात हलवणारा तो माणूस तिच्याने बघवेना.

---

हवा निवळायला दोन-चार दिवस लागले.

आधी कुंपण ओस पडलं. मग एका सकाळी हेमांगी तीन नंबरच्या पायऱ्या चढून गेली आणि तिला काहीच झालं नाही. ऊन, ताडपत्री, पंपाची घरघर. ती उलट्या पावली घराकडे पळाली. जुई झोपली होती. हेमांगी तिच्याजवळ बसली आणि स्वतःला चाचपू लागली, खिशातली किल्ली चाचपावी तसं. भीती होती. पण आता ती तिच्या मापाची होती, घरात मावणारी.

तेवढ्यात दार आपटलं.

“कुणाला विचारून?” हृषीकेश गरजला. “माझा प्रकल्प आहे हा! कुणाला विचारून हात लावलात टाकीला? आणि मला, मला गच्चीवर बाहुल्यासारखा उभा...” त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो वर गेला. जुई दचकून किंचाळली.

हेमांगी मुलीवर ओणवी झाली. तांब्या फेकला गेला नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून तिने वळून बघितलं. हृषीकेश आपल्या वर गेलेल्या हाताकडे बघत होता.

“मला वाटलं होतं,” तो म्हणाला, आणि आवाज फुटला, “बाप झालो म्हणून सुधारलो.”

खोटं बोलणं सोपं होतं. ती म्हणाली, “तांब्या खाली ठेव.”

त्याने ठेवला. मग बाहेर जाऊन त्याने पळशीकरांना फोन लावला. त्याचा चढलेला आवाज खिडकीतून आत येत होता: बंद झाकण आठवड्याच्या आत पाठवा, आणि नऊ शहरांतही झाकणाशिवाय टाकी बसवून दाखवाच, मी जगाला ओरडून सांगतो ती कशासाठी आहे. वस्तीतले पुरुषही गेटवर जमले होते, जुन्या शिव्या नव्याने देत. हेमांगी जुईला थोपटत ऐकत राहिली. हाच राग तिला भिंतीला पोचे पाडणारा म्हणून माहीत होता. आज तो कामाला आला होता. उद्याचं काही सांगता येत नव्हतं.

---

पारूमावशी न्हाऊ घालायला येईनाशी झाली. निरोप धाडला तरी नाही.

एका दुपारी हेमांगी जुईला कडेवर घेऊन तिला शोधायला निघाली, आणि फार लांब जावं लागलं नाही. पारूमावशी तीन नंबरच्या वरच्या पायरीवर बसली होती, ताडपत्रीच्या दोरावर हात ठेवून.

“मावशी, इथे काय करताय?”

“जरा सैल करा की मॅडम,” ती म्हणाली. “एवढुशी. बोटभर.”

“तुम्हाला सांगितलं होतं ना, आत कुणी नाही.”

“सांगितलं की. समजलं बी. मला काय अक्कल न्हाई?” ती दोरावरून बोट फिरवत राहिली. “माझी पयली लेक. सटवाईनं कपाळ लिवायच्या आधीच गेली. नाव बी ठिवलं न्हवतं. टाळूला तेल घालाय मांडीवर घेतली, तर गार. लई वर्सं झाली. तोंड आठवाय गेलं तर आठवत न्हाई.” ती ताडपत्रीकडे बघत होती. “ह्यो उन्हाळाभर हितं हुती ती. दिसत न्हवती. पर हुती. रोज दुपारी यायची मी. तुमी झाकाय सांगितलं, आन् मी माझ्याच हातानं गाठ मारली.”

हेमांगीने जुईला पुढे केलं.

“घ्या हिला.”

पारूमावशीने जुईला घेतलं, मान तळहातावर तोलून, जसं हजार वेळा घेतलं होतं. डोळे मिटून नाक तिच्या टाळूला लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, मग पुन्हा. जुईने तिची नथ धरून ओढली. तरी ती हलली नाही. हेमांगी वाट बघत उभी होती, खाली पंप घरघरत होता.

मग पारूमावशीने डोळे उघडले, नथ सोडवली, आणि जुईला सांभाळून परत हेमांगीच्या हातात दिलं.

“न्हाई पोरी,” ती म्हणाली. “ही तुझी हाय.”

आणि ती पुन्हा ताडपत्रीला कान लावून बसली. हेमांगीने दोर सैल केला नाही, तिला ऊठही म्हटलं नाही. जुईला घेऊन ती शेजारच्या पायरीवर टेकली.